पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

तहसील कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली माझं टेबल आहे. सत्तावीस वर्षं झाली. सुरुवातीला मराठी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. लोक येतात, "ताई, अर्ज करायचाय" म्हणतात, मी टाइप करून देते. माझ्या डाव्या पायाला पोलिओ. चौदा महिन्यांची असताना झालेला. कॅलिपर आणि एक काठी. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत हातपाय, मणका गेलेली माणसं जरा जास्तच असतात. त्यांना वाटतं, हिला कळेल. पायाचं कळतं. कचेरीचं कळायला मात्र मलाही दहाएक वर्षं लागली.

तेच तेच समजावून सांगताना घसा बसतो, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते. मी वकील नाही. पण वकिलाकडे जायची वेळ येऊ नये म्हणून काय करायचं, ते मला ठाऊक आहे.

एक शब्दाचा मुद्दा आधीच निकाली काढते. अपंग म्हणायचं की दिव्यांग, यावर आमच्यातच दोन तट आहेत. माझ्या पायात दिव्य असं काही मला आजवर आढळलेलं नाही. पण शासन निर्णयात, फॉर्मवर, खात्याच्या नावात 'दिव्यांग' आहे, म्हणून अर्जात मी तोच शब्द घालते. अर्जात भांडायला दुसऱ्या गोष्टी पुष्कळ असतात.

आधी टक्के

आमच्यात नाव विचारायच्या आधी "किती टक्के?" असं विचारतात. ते अपंगत्वाचे टक्के कागदावर आणायचं साधन म्हणजे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आणि त्यासोबतचं प्रमाणपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर होतो. घरातल्या पोराच्या मोबाइलवरून भरता येतो, महा ई-सेवा केंद्रातही भरून मिळतो. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, सही किंवा अंगठा एवढं हाताशी ठेवा. ज्यांच्याकडे जुनं हाती लिहिलेलं किंवा राज्याच्या जुन्या एसएडीएम संगणक प्रणालीतलं प्रमाणपत्र आहे त्यांनीही यूडीआयडी काढून घ्यावं. जुना कागद पुढे केला की हल्ली खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलले. पूर्वी अर्जापासून महिनाभरात प्रमाणपत्र द्यायचं होतं, आता तीन महिन्यांची मुदत आहे. बदल कुणाच्या सोयीचा, ते तुम्हीच ठरवा. कार्डाचा रंगही तेव्हाच ठरला: ४० टक्क्यांच्या आत पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यावर निळा.

ऑनलाइन अर्ज झाला म्हणजे काम झालं असं समजू नका, रुग्णालयात जावंच लागतं. आणि बोर्ड रोज बसत नाही. हाडांचे डॉक्टर एका वारी, डोळ्यांचे दुसऱ्या, कानाचे तिसऱ्या. माझ्याकडे येणारे एक आबा तीन वेळा रिक्षा करून गेले आणि तिन्ही वेळा वार चुकला. आधी फोन लावून वार विचारा, डॉक्टर रजेवर नाहीत ना तेही विचारा.

जाताना जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे सोबत घ्या. कॅलिपर, कुबडी, जे वापरता ते घालूनच जा, 'आज चांगलं दिसायचंय' म्हणून घरी ठेवू नका. कपडे असे घाला की गुडघ्याच्या वरपर्यंत पाय दाखवता येईल. डॉक्टर सांधा किती वळतो ते बघतात, स्नायूत जोर किती आहे ते बघतात, पाय आखूड असेल तर टेपनं मोजतात. रडून टक्के वाढत नाहीत. पण उलटी खोडही आमच्याकडे आहे. डॉक्टरांनी "जमतं का?" विचारलं की माणूस अभिमानानं "हो, जमतं की" म्हणून मोकळा होतो. जमतं, पण कसं ते सांगा. संडासला बसता येतं, पण नळाला धरून. जिना चढता येतो, पण कठडा असेल तरच. मी स्वतः पहिल्या तपासणीला "सगळं जमतं" म्हणून आले होते. आईनं घरी आल्यावर जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

प्रमाणपत्र हाती आलं की घरी नेऊन वाचू नका, तिथेच वाचा. नाव आधारप्रमाणे आहे का. टक्के आकड्यात आणि अक्षरात एकच आहेत का. आणि 'कायमस्वरूपी' आहे की 'तात्पुरतं'. तात्पुरत्यावर मुदत असते. ती संपली की निराधारचे पैसे थांबतात, एसटीची सवलत थांबते, आणि माणूस माझ्याकडे येऊन म्हणतो, "ताई, सरकारनं बंद केलं." सरकारनं नव्हे, तारखेनं बंद केलं.

आता त्या ४० बद्दल. ३८ टक्के लिहून आलेली माणसं माझ्यासमोर बसून रडलेली आहेत, कारण राखीव जागा आणि बहुतेक योजना ४० पासून सुरू होतात. टक्के कमी लागले असं खरोखर वाटत असेल तर ठरलेल्या मुदतीत अपील करता येतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ५९. अपिलात फेरतपासणी होते. पण अपील हरलात तरी सगळं संपत नाही, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. भेदभाव करायचा नाही, इमारत आत जाता येईल अशी करायची, ही कलमं टक्के बघत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात हेच सांगितलं: लिहिताना हात अडतो त्या परीक्षार्थीला लेखनिक द्यायचा की नाही हे ४० टक्क्यांवर ठरवता येणार नाही. तेव्हा ३८ वाल्यांनीही पुढचं वाचावं.

"पाच हजारांत ६० टक्के करून देतो" म्हणणारे आवारात फिरत असतात. कलम ९१ प्रमाणे खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पकडला जातो तो लाभार्थी. एजंट दुसऱ्या आवारात जाऊन बसतो.

अर्ज कसा लिहायचा

सुरुवातीची कित्येक वर्षं मी एकाच साच्यातून अर्ज काढायचे. "मी एक असहाय अपंग महिला असून… आपण कृपाळू होऊन… मी आपली जन्मभर ऋणी राहीन." शिकवणाऱ्यानं तसंच शिकवलं होतं. एकदा एक अव्वल कारकून, चांगला माणूस, माझा अर्ज हातात धरून म्हणाला, "बाई, यात मागितलंय काय? हे वाचून मला वाईट वाटलं, पण टिपणी कशावर लिहू?" त्या दिवशी संध्याकाळी मी साच्यातले सगळे 'असहाय' काढून टाकले. कारकुनाला टिपणी लिहायला तीन गोष्टी लागतात: काय अडतं, कुठल्या कलमानं मागता, नेमकं काय हवं. त्या दिल्या की त्याला तुमचा कागद पुढे सरकवावाच लागतो, नाहीतर का सरकवला नाही ते लिहावं लागतं.

कायदा एकच लक्षात ठेवा: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. १९ एप्रिल २०१७ पासून लागू. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कलमं पाठ करायची गरज नाही, पण दोनचार आकडे अर्जात दिसले की समोरचा चष्मा लावतो.

शेजारच्या गावचा एक पोरगा आहे. कडब्याच्या गंजीवरून पडून मणका गेला, तेव्हापासून व्हीलचेअर. त्याचं खातं इथल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत. शाखेला तीन पायऱ्या. शेजारी 'रॅम्प' म्हणून सिमेंटची घसरगुंडी केलेली. त्यावरून चढताना खुर्ची मागे कलंडायची, म्हणून तो दर वेळी बाहेर उन्हात थांबायचा आणि आतून कुणीतरी स्लिप घेऊन यायचं. त्याच्यासाठी केलेला अर्ज असा होता:

"विषय : शाखेच्या प्रवेशद्वारी योग्य उताराचा रॅम्प व कठडा बांधणेबाबत.

महोदय, मी आपल्या शाखेचा खातेदार असून कमरेखालील भाग निकामी असल्याने व्हीलचेअर वापरतो (यूडीआयडी प्रत सोबत). प्रवेशद्वारास तीन पायऱ्या असून एकूण उंची १८ इंच आहे. शेजारील उतार ५ फूट लांबीचा असल्याने त्यावरून व्हीलचेअर नेता येत नाही. यामुळे मला शाखेत प्रवेश करता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ४५ व ४६ अन्वये सार्वजनिक इमारत व सेवा दिव्यांगांसाठी सुगम्य असणे आवश्यक आहे. तरी १ः१२ उताराचा रॅम्प व दोन्ही बाजूंस कठडा बांधावा, आणि तोपर्यंत माझे व्यवहार प्रवेशद्वाराशी येऊन करून द्यावेत. केलेल्या कार्यवाहीची माहिती ३० दिवसांत लेखी द्यावी, ही विनंती."

बघा, यात उपकार कुठेच मागितलेला नाही. आकडे आहेत, कारण मी काठी टेकत जाऊन टेपनं मोजून आले. १ः१२ म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार. दीड फुटाला अठरा फूट. पाच फुटांत दीड फूट चढायचं तर धडधाकट माणसानंही खुर्ची ढकलताना दोनदा थांबावं. कुठलाही रॅम्प खरा की दिखाऊ, हे टेपनं दोन मिनिटांत कळतं, म्हणून टेप माझ्या पिशवीत कायम असतो. फोटोही काढा, टेप लावलेलाच.

'तोपर्यंत' हा शब्द सोडू नका. बांधकामाला मंजुरी, निविदा, पावसाळा असं सगळं आडवं येतं. तोपर्यंत माणसानं काय करायचं? दाराशी येऊन सही घ्यायला मंजुरी लागत नाही. दिव्यांग ग्राहकांना घरपोच मूलभूत बँकसेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना कळवलेलं आहे.

आणि सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नव्हे. कायद्याच्या व्याख्येत लोक जिथे जातात ती खासगी इमारतही येते: शाळा, दवाखाना, दुकान, मंगल कार्यालय, देऊळ, एसटी स्टँड, कोर्ट. जुन्या इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम १५ जून २०१७ चे. म्हणजे मुदत २०२२ लाच संपली. नव्या इमारतीचं तर बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखलाच सुगम्यतेशिवाय देता येत नाही, कलम ४४. तुमच्या गावात नवं कॉम्प्लेक्स उभं राहत असेल तर पालिकेत अर्ज आत्ताच टाका. पायऱ्या ओतून झाल्यावर भांडणं फार महाग पडतं.

एक मेख होती. कायदा म्हणत होता 'करा', आणि नियम १५ मधल्या मार्गदर्शक सूचना म्हणत होत्या 'केलं तर बरं'. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्र सरकारला बंधनकारक निकष करायला तीन महिने दिले. अर्जात या निकालाची एक ओळ मी हल्ली घालते. कुणी म्हणालं "त्या फक्त सूचना आहेत", तर ती ओळ बोटानं दाखवायची.

पोच

अर्ज दोन प्रतींत. एक त्यांना, एक आपल्याला. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही. याला पोच म्हणतात, आणि ती मिळाल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

"साहेब मीटिंगला गेलेत" याचा पोचीशी संबंध नसतो. शिक्का साहेबांच्या खिशात नसून आवक-जावकच्या टेबलावर असतो. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर मी म्हणते, "भाऊसाहेब, ठेवते की, फक्त एवढ्या प्रतीवर शिक्का मारा, मला विसरायला होतं." आवाज चढवायचा नाही. आवाज चढवला की आपण 'त्रास देणारी बाई' होतो आणि अर्ज बाजूला राहतो. तरीही नाहीच घेतला, तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती प्रतीला टाचून ठेवा. ईमेल असेल तर तोही करा. माझ्या वहीत चार रकाने आहेत: तारीख, कुणाला, आवक क्रमांक, उत्तर. चौथा रकाना बराच रिकामा आहे, पण तो रिकामा असणंच पुढच्या पायरीला लागतं.

तीस दिवसांनी स्मरणपत्र. त्यात नवं काही लिहू नका, फक्त जुना आवक क्रमांक आणि तारीख. सरकारी कचेरी असेल तर कलम २३ खाली नेमलेला तक्रार निवारण अधिकारी कोण, हे विचारा. नेमलेला असेल तर त्यानं तक्रार नोंदवून दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. पुष्कळदा "असा कुणी आहे का बघायला लागेल" असं उत्तर येतं. तेही लेखी घ्या.

माहितीचा अधिकार याच टप्प्यावर वापरा. जोडपत्र 'अ' चा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. 'का केलं नाही?' असं विचारू नका, 'का' ला उत्तर मिळत नाही. 'माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या टिपणीची प्रत द्यावी' असं मागा. टिपणी झालीच नसेल तर मागणी गेल्यावर होते. हा माझा आवडता भाग आहे, लपवत नाही.

मग आयुक्त. इथे एक चूक मी स्वतः केली आणि त्या पोराचे दोन महिने घालवले. राज्य सरकारचं खातं, जिल्हा परिषद, पालिका यांच्याविरुद्धची तक्रार पुण्याला, राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाते. रेल्वे, पोस्ट, राष्ट्रीयीकृत बँक ही केंद्राची बाब. तिथे दिल्लीचे मुख्य आयुक्त. मी बँकेची तक्रार पुण्याला पाठवून बसले होते. तक्रारीला फी नाही, वकील नाही. अर्ज, स्मरणपत्र, पोच, फोटो, यूडीआयडी यांच्या प्रती तारखेच्या क्रमानं लावायच्या आणि वर एक पान गोषवारा. साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे, असे दिवाणी कोर्टाचे अधिकार आयुक्तांना आहेत. शेवटी मिळते ती शिफारस, हुकूमनामा नव्हे, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर माझ्यावर चिडायला नको. पण त्या शिफारशीवर तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं असतं, आणि मानायची नसेल तर कारण लिहावं लागतं. कारण लिहायला कुणालाच आवडत नाही.

दिल्लीहून बँकेच्या वरच्या कार्यालयाला पत्र गेलं आणि एका सोमवारी गवंडी आला. पहिल्या अर्जापासून चौदा महिने. "अठरा फूट म्हणजे रस्त्यात जाईल" हे कारण तोवर तीनदा लेखी आलं होतं. रॅम्प सरळच काढावा लागतो असं कुणी सांगितलंय? कुंपणाच्या भिंतीला धरून गेला, मध्ये सपाट जागा सोडून वळला, बसला.

जिना

पायऱ्यांपेक्षा जिना वाईट. एका कचेरीत (नाव सांगत नाही, उद्याही तिथल्याच आवारात बसायचं आहे) निराधार योजनेच्या अर्जदारांना पडताळणीसाठी बोलावलं, पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात. लिफ्ट नाही. कुबड्यांवरची माणसं एकमेकांना धरून चढत होती, एका आजींना दोन पोरांनी खुर्चीसकट उचललं. लोक कौतुकानं बघत होते. मला लाज वाटली, स्वतःचीही, कारण आदल्या दिवशी ती नोटीस मीच तिघांना वाचून दाखवली होती आणि 'पहिला मजला' वाचून पुढे गेले होते.

पुढच्या महिन्यात नोटीस आली तेव्हा अर्ज तयार होता. लिफ्ट मागितली नाही, लिफ्टला वर्षं लागतात. मागितलं एवढंच की पडताळणी तळमजल्यावर, व्हरांड्यात घ्यावी. एखाद्या माणसासाठी नेहमीच्या पद्धतीत आवश्यक तेवढा, फार बोजा न पडणारा बदल करून देणं, हे कायद्यात कलम २ मध्येच सांगितलेलं आहे, आणि तो नाकारणं हा भेदभाव ठरतो. दोन टेबलं खाली आली. साहेबही आले. "वर पंखा तरी होता," एवढं मात्र म्हणाले.

हाच बदल कुठेही मागता येतो. परीक्षेला तळमजल्यावरची खोली आणि तासाला वीस मिनिटं जादा. कोर्टात खालच्या मजल्यावर साक्ष. लोकसभा-विधानसभेला ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर घरून मतदान, त्यासाठी १२-डी नमुना वेळेत भरून द्यायचा. मी मात्र केंद्रावर जाऊनच मत देते, बोटावरची शाई लोकांना दिसली पाहिजे.

नोकरीत असताना अपघात झाला तर

इथे घाई करून लोक फसतात, म्हणून जरा थांबते. एक मास्तर माझ्याकडे आले. मोटारसायकलच्या अपघातात पाय गुडघ्याखालून काढलेला. संस्थेनं सांगितलं होतं, "स्वेच्छानिवृत्ती टाका, तुमच्याच भल्याचं." अर्ज टाइप करायलाच आले होते. मी टाइप केला नाही.

सरकारी आस्थापनेत, सेवेत असताना अपंगत्व आलं तर कामावरून काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. कलम २०, पोटकलम ४. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, ते पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही या व्याख्येत येतात. पण एकदा तुम्ही 'स्वेच्छेनं' सही केलीत की भांडण फार अवघड होतं. रुग्णालयात असताना, घरात पैशाची ओढ असताना कुठल्याच कागदावर सही करू नका. मास्तरांनी दुसराच अर्ज नेला आणि आज ते तळमजल्यावरच्या वर्गात गणित शिकवतात.

खासगी कंपनीतल्यांनी एक विचारावं: कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण केलंय का? ते प्रत्येक आस्थापनेनं करायचं असतं. शासकीय भरतीत ४ टक्के जागा असतात, त्यात शारीरिक हालचालीच्या अपंगत्वाला १ टक्का. उच्च शिक्षणात ५ टक्के आणि वयात पाच वर्षं सूट.

पैशाचं थोडक्यात

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना १,५०० ऐवजी २,५०० रुपये. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी ५० हजार. पैसे थांबले तर आधी खातं आधारला जोडलंय का ते बघा, मग भांडायला निघा.

ग्रामपंचायतीनं आपल्या स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. हा पैसा गावोगाव पडून राहतो किंवा मार्चमध्ये घाईनं सतरंज्या वाटून संपतो. ग्रामसभेत उभं राहून, किंवा बसून, तीनच प्रश्न विचारा: मागच्या वर्षी स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, खर्च कशावर? आठ लाख उत्पन्न असेल तर चाळीस हजार होतात. ग्रामसेवक भाऊसाहेब आकडा सांगतील तो तिथल्या तिथे लिहून घ्या आणि प्रश्नोत्तर इतिवृत्तात आलं का ते पुढच्या सभेत बघा.

एसटीला ७५ टक्के सवलत, दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबत्याला निम्मं तिकीट. रेल्वेचा फॉर्म वेगळा असतो आणि त्यावर 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' असं डॉक्टरांनी लिहिलेलं लागतं. त्या ओळीवर सही राहिली म्हणून परत आलेले फॉर्म मी मोजायचं सोडून दिलं. नोकरदारांनी व्यवसाय कर माफ होतो का ते पगाराच्या स्लिपवर तपासावं. महाराष्ट्रात ४० टक्क्यांपासून माफ आहे.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला, कुबडी ओढली, तर कलम ९२: सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. मी हे कलम कुणालाही पहिल्या दिवशी वापरायला सांगत नाही. गावात राहायचं असतं. पण ज्यानं दुसऱ्यांदा केलं त्याला कलम वाचून दाखवायला हरकत नसते. पोलिसांत किंवा कोर्टात जायची वेळ आलीच तर तालुका विधी सेवा समितीत जा. ती न्यायालयाच्या आवारातच असते. दिव्यांग व्यक्तीला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता.

परवा तो व्हीलचेअरवाला पोरगा आला होता. रॅम्प उत्तम झालाय, फक्त तो वळतो तिथल्या सपाट जागेवर आता लोक मोटारसायकली लावतात. शाखाधिकाऱ्यांच्या शिपायाचीही एक असते. मी गेले, टेप लावला, मोटारसायकलींसकट फोटो काढला, अर्ज केला: साखळी लावावी आणि 'वाहने उभी करू नयेत' असा फलक लावावा. या वेळी खिडकीवरच्या मुलीनं न मागताच दुसरी प्रत घेतली, शिक्का मारला आणि म्हणाली, "मॅडम, नंबर लिहून घेताय ना?" तीस दिवस पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला होतात.